आधी भोंगा, मग जेवण: लक्झरी एक्सपिडिशन क्रूझवर काय असतं आणि ते कुठून आलं

आपल्या नव्या भागाचं हे लेखी रूप. ज्यांना देवगिरी एक्सप्रेसमध्ये रेंज मिळत नाही आणि ज्यांना ऑफिसात हेडफोन लावता येत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना जे सुटलं होतं ते इथं भरून घेतलंय, आणि जिथं मी उगीच लांबण लावली होती तिथं कात्री मारलीय.

लातूरच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. त्याचे आईबाबा दोघंही शाळेतून रिटायर झालेत. फंडाच्या पैशातून एकच मोठा प्रवास करायचा, म्हणून बाबांनी पेपरातली अंटार्क्टिकाची जाहिरात कापून ठेवलीय. आई म्हणते, मांजरा धरणापलीकडं मी पाणी बघितलं नाही, मला कामून त्या बर्फात नेता? पोराचा प्रश्न सरळ होता: दादा, त्या बोटीवर नेमकं काय असतं?

जाहिरातीत उत्तर आहेच. बाल्कनीवाली खोली, पाच पदार्थांचं जेवण, काचेच्या भिंतीतून दिसणारा हिमनग. हे सगळं खरं असतं, त्यात खोटं काही नाही. पण आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे, आणि मला या बोटींची दुसरी बाजू जास्त धरून ठेवते. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडं सर्व्हर कोसळला की नंतर बसून एक कागद लिहितात: काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. या बोटीवर पहिल्या तासापासून जे जे करायला लावतात, त्यातल्या बहुतेक गोष्टी अशाच कुठल्यातरी पोस्टमॉर्टेममधून आल्यात. ते कळलं की आईची भीती जाईल असं नाही, पण कशाला भ्यायचं आणि कशाला नाही एवढं तरी कळेल.

आधी एक फरक. क्रूझ म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं तीन-चार हजार माणसांचं तरंगतं गाव येतं, कॅसिनो, पाण्याच्या घसरगुंड्या वगैरे. आपल्याकडं २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. जपानमध्ये बेटांवर ये-जा करणारी जुनी बोट आणून सजवलेली, सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं नाव दिलेली, साधारण ४०० माणसांची. तिच्यात लक्झरी होती, पण ती जायची बंदरातून बंदरात. कोविडमध्ये ती फेरी थांबली. एक्सपिडिशन बोट वेगळी. ती लहान असते, बहुतेक वेळा शंभर ते दोनशे प्रवासी. ती जिथं जाते तिथं धक्काच नसतो. मग हवा भरलेल्या रबरी बोटीत दहा-बारा जणांना बसवतात आणि किनाऱ्यावर पाण्यातच उतरवतात. गुडघ्यापर्यंतचे बूट म्हणून सक्तीचे. संध्याकाळी ऑर्केस्ट्राऐवजी व्याख्यान असतं. पक्ष्यांचा अभ्यासक, बर्फाचा अभ्यासक, इतिहासाचा माणूस, हे सगळे बोटीवर पगारी असतात. म्हणजे आपली वसंत व्याख्यानमाला समजा, फक्त खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या.

ही कल्पना लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकन माणसाची. १९६६ साली त्यानं अर्जेंटिनाच्या नौदलाची बोट भाड्यानं घेऊन सामान्य प्रवासी अंटार्क्टिकाला नेले. १९६९ मध्ये फिनलंडमध्ये खास याच कामासाठी बोट बांधून घेतली, ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’. छोटी, लालभडक. आज हा जो धंदा आहे तो सगळा त्या बोटीच्या मागून आलाय. तिचं पुढं काय झालं ते सांगतो, पण त्याआधी आपल्या लोकांकडं येऊ.

कारण आपली माणसं अंटार्क्टिकाला पर्यटक म्हणून नंतर गेली. आधी गेली ती कामाला. ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याच्या मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ नावाची नॉर्वेची भाड्यानं घेतलेली बोट निघाली. वर २१ जणांची भारतीय तुकडी, प्रमुख डॉ. सय्यद झहूर कासिम. मोहीम गुप्त ठेवली होती. ९ जानेवारी १९८२ ला ते बर्फावर उतरले, मग देशाला कळलं. २१ फेब्रुवारीला परत गोव्यात. हिशेब करा, ७७ दिवस. त्यातले बर्फावर घालवलेले दिवस जेमतेम दहा. बाकी सगळं समुद्र. आजच्या टूरमध्ये लोक तक्रार करतात की दहा-बारा दिवसांतले चार दिवस नुसत्या पाण्यात जातात. बरं का, त्या २१ जणांना विचारा.

दोन वर्षांनी, १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत, ‘फिनपोलारिस’ या बोटीवर पहिल्यांदा दोन भारतीय स्त्रिया होत्या. भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि आपल्या अदिती पंत. पंत नागपूरच्या, जन्म १९४३ चा, बीएस्सी पुण्यात. कॉलेजच्या वयात त्यांच्या हातात अ‍ॅलिस्टर हार्डी या शास्त्रज्ञाचं समुद्रावरचं पुस्तक पडलं आणि त्यांनी समुद्रविज्ञानच करायचं ठरवलं. नागपूर म्हणजे आपल्यासारखंच, कुठल्याही दिशेला गेलात तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तिथून हवाईला एमएस, लंडनला पीएचडी, मग गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत नोकरी, आणि तिथून अंटार्क्टिका. त्या मोहिमेत सैन्याच्या तुकडीनं ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचं पहिलं ठाणं उभं केलं. ते बर्फाच्या तरंगत्या कड्यावर होतं. काही वर्षांत हिमानं त्याला गिळलं, म्हणून पुढं ‘मैत्री’ खडकावर बांधावं लागलं. हेही एक पोस्टमॉर्टेमच.

ज्या आईला वाटतं की समुद्र न बघितलेल्या माणसानं तिकडं जाऊ नये, तिला अदिती पंतांचं नाव जरूर सांगा. फक्त दोन प्रवासांत फरक आहे, तो लपवू नका. पंत गेल्या त्या गोव्यातून, अख्खा हिंदी महासागर ओलांडून. आजचे पर्यटक विमानानं अर्जेंटिनाला जातात, तिथल्या अगदी दक्षिण टोकाच्या उश्वायाला पोचतात आणि तिथून बोटीत बसतात. म्हणजे अर्धी दमणूक विमानतळांवरच होते. पुढं ड्रेक सामुद्रधुनी, साधारण दोन दिवस. तिथं वारा अडवायला जमीनच नाही, पृथ्वीभोवती पाणी मोकळं फिरतं. कधी तळ्यासारखं शांत, कधी कपाटातली चप्पल खोलीभर फिरते. जिन्याच्या कठड्यात कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या दिसल्या की समजायचं, रात्री हवा बिघडणार आहे. मळमळ सुरू व्हायच्या आधी गोळी घ्यायची, नंतर उपयोग नाही. डॉक्टर बोटीवर असतो, पण दवाखाना म्हणजे एक-दोन खोल्या. मोठं काही झालं तर माणसाला हवाईपट्टी असलेल्या ठाण्यापर्यंत नेऊन विमानानं हलवावं लागतं, त्यात हवा चांगली पाहिजे, त्यात दिवस जातात. म्हणून निघायच्या आधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात आणि तिथून बाहेर काढण्याच्या खर्चाचा विमा मागतात. बाबांनी बीपीची गोळी लपवू नये. खरंच लपवतात लोक.

आता भोंगा. बोटीवर पाय ठेवल्यावर बॅग खोलीत टाकायची, आणि जेवणाच्या आधी किंवा बोट सुटायच्या आत भोंगा होतो: सात वेळा छोटा, एकदा लांब. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालून ठरलेल्या जागी जमायचं. बहुतेकांना हा टाइमपास वाटतो. फोटो काढतात, हसतात.

यासाठी आपल्याला लांब जायची गरज नाही. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमाराला ‘रामदास’ आगबोट रेवसला निघाली. त्या दिवशी आषाढी अमावस्या, गटारी. गावाकडं निघालेली माणसं, सातशेच्या घरात. रेवस म्हणजे जेमतेम दीड तास. पावसाळी हवा, खवळलेलं पाणी. काशाच्या खडकाजवळ बोट लाटांनी कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवसहून मासे घेऊन मुंबईकडं येणाऱ्या कोळ्यांनी पाण्यातून जमेल तेवढ्यांना ओढून काढलं. काहीजण तासन् तास पोहत राहिले. सकाळी साडेआठच्या आसपास बोट बुडाली आणि मुंबईला बातमी कळायला दुपार झाली. एवढ्या मोठ्या शहराच्या दारात! टायटॅनिकवर सिनेमा आहे, तिची नावनिशी लहान पोरांना पाठ आहे. रामदास आपल्या शाळेच्या पुस्तकात एका ओळीत तरी आहे का, बघा जरा.

भोंग्याचा नियम मात्र टायटॅनिकवरून निघाला. १९१२ ला ती बुडाली आणि १९१४ मध्ये समुद्रावरच्या जिवांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. सगळ्यांना पुरतील एवढ्या होड्या, चोवीस तास बिनतारी यंत्रावर माणूस, कवायत. पण त्यातही पळवाट राहिली. जमायची कवायत बोटीवर चढल्यापासून २४ तासांत केली तरी चालायची. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकाला घासून कलली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, ती दुसऱ्या दिवशी ठरलेली होती. ३२ जण मेले. त्यानंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून कवायत बोट सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी सक्तीची झाली. म्हणजे तुमच्या जेवणाआधी जो भोंगा वाजतो, तो आधी का वाजतो याला तारीख आहे, वार आहे, माणसं आहेत.

आणि आता ती लाल बोट. मालक बदलत गेले, नाव नुसतं ‘एक्सप्लोरर’ झालं. २३ नोव्हेंबर २००७, अंटार्क्टिकाच्या साउथ शेटलंड बेटांजवळ मध्यरात्री ती बर्फावर आदळली. आत पाणी आलं, वीज गेली. वर १५४ माणसं. सगळे उघड्या होड्यांमध्ये उतरले, बर्फाच्या समुद्रात काही तास बसून राहिले, आणि सकाळी ‘नॉर्डनॉर्गे’ या दुसऱ्या प्रवासी बोटीनं सगळ्यांना उचललं. एकही माणूस दगावला नाही. एक्सप्लोरर त्याच दिवशी बुडाली. चौकशी लायबेरियानं केली, कारण बोटीची नोंदणी तिथली होती. तिचा निष्कर्ष असा की कॅप्टननं समोरच्या बर्फाला जरा मऊ समजून बोट आत घातली.

मला यात दोन गोष्टी दिसतात. कवायत झालेली होती आणि माणसं रांगेत होड्यांत बसली, हे एक. दुसरं म्हणजे नशीब. हवा शांत होती आणि दुसरी बोट काही तासांवर होती. नशिबावर नियम लिहिता येत नाही, म्हणून इतर नियम कडक करत गेले. १ ऑगस्ट २०११ पासून अंटार्क्टिकात जड काळं इंधन वापरायला बंदी आली. ते सांडलं तर निघत नाही. २०१७ पासून ध्रुवीय समुद्रात जाणाऱ्या बोटींसाठी वेगळा कायदा लागू झाला, त्यात बोटीचं पोलाद, होड्या, कपडे, बर्फातलं प्रशिक्षण सगळं आलं. तुम्ही जाहिरात बघताना स्पाची पानं उलटून बोट बर्फासाठी कुठल्या दर्जाची बांधलीय ते बघा. लिहिलेलं नसेल तर टूरवाल्याला विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही तर तेही एक उत्तरच.

किनाऱ्यावर उतरण्याचे नियमही असेच. एका जागी एका वेळी शंभरपेक्षा जास्त माणसं नाहीत. म्हणून दोनशेच्या बोटीत अर्धे लोक उतरतात आणि अर्धे रबरी बोटीतून हिमनगांच्या भोवती फिरतात, मग अदलाबदल. पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या बोटीला कुणाला उतरवताच येत नाही, नुसतं लांबून बघायचं. हे तिकीट काढायच्या आधी माहीत पाहिजे, कारण स्वस्त तिकीट बहुतेक वेळा त्या मोठ्या बोटीचं असतं आणि ‘अंटार्क्टिका दर्शन’ हा शब्द दोन्हीकडं सारखाच छापतात. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. तो स्वतः जवळ आला तर आपण थांबायचं. उतरताना आणि चढताना बूट जंतुनाशकात बुडवून ब्रशनं घासायचे, जॅकेटच्या खिशातली गवताची बी व्हॅक्यूमनं ओढून काढायची. अलीकडं बर्ड फ्लू तिथवर पोचल्यापासून जमिनीवर बसायचं, आडवं व्हायचं किंवा बॅग टेकवायचीसुद्धा नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसानं हे लक्षात घ्यावं, तिथं दगडावर टेकून दम खाता येत नाही.

हे नियम लिहिणारी टूर कंपन्यांचीच संघटना आहे, १९९१ ची. तिच्या दोनच वर्षं आधी, जानेवारी १९८९ मध्ये, अर्जेंटिनाची ‘बाहिया पारायसो’ ही सामान आणि पर्यटक दोन्ही नेणारी बोट तिथं खडकावर चढून बुडाली. माणसं वाचली, पण सुमारे ६ लाख लिटर डिझेल समुद्रात गेलं.

आता पाण्याचं बोलू. लातूर-नांदेडच्या माणसाला बोटीवरची सगळ्यात नवलाची गोष्ट बाल्कनी नाही, नळ आहे.

एप्रिल २०१६ आठवा. मांजरा कोरडं, टाक्यांवर जमावबंदी, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, मिळून ५ लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. साडेतीनशे किलोमीटरवरून गोडं पाणी रुळांवर आणलं आपण. आणि इथं ही बोट खाऱ्या पाण्याच्या मधोमध दोन आठवडे फिरते, रोज शंभर-दोनशे खोल्यांत गरम शॉवर चालतो, आणि ती कुठं पाणी भरायला थांबत नाही. ती समुद्रातूनच पाणी बनवते. एक पद्धत जुनी: इंजिनाची उष्णता वाया जाते ती वापरायची, हवा काढून दाब कमी करायचा म्हणजे पाणी कमी तापमानाला उकळतं, वाफ गोळा करायची. दुसरी पद्धत तुमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेली आहे, आरओ. फक्त इथं समुद्राचं मीठ गाळायचं म्हणून पंपाचा दाब कितीतरी पट जास्त लागतो. ते पाणी अगदीच बेचव असतं म्हणून त्यात थोडी खनिजं परत घालतात.

शिडाच्या जहाजांवर पाणी लाकडी पिंपात असायचं, काही आठवड्यांत हिरवं व्हायचं, आणि माणशी मोजून मिळायचं. वाफेची इंजिनं आली तेव्हा खारं पाणी उकळून गोडं करणं बोटीवर सोपं झालं. म्हणजे बोटीवरची खरी लक्झरी इंजिनाबरोबर आली, झुंबराबरोबर नाही. पण फुकट काहीच नाही. प्रत्येक बादलीमागं इंधन जळतं. म्हणून बाथरूममध्ये टॉवेल पुन्हा वापरा अशी पाटी असते. दुष्काळातला माणूस ती पाटी वाचून हसेल, आणि मुकाट्यानं टॉवेल वाळत घालेल.

राहिली माणसं. जेवण वाढणारा, खोली आवरणारा, दोरखंड ओढणारा. जुन्या ब्रिटिश बोटींवर ही वाटणी ठरलेली होती. डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे खलाशी, जेवणघरात आणि भटारखान्यात गोव्याचे लोक. मुंबईत धोबीतलावला गोव्यातल्या एकेका गावाच्या ‘कूड’ होत्या, म्हणजे बोट मिळेपर्यंत राहायच्या खोल्या. पेटी भिंतीला, चटई जमिनीवर. आजही एखाद्या क्रूझवर वेटरच्या छातीवरची नावाची पट्टी वाचून तुम्ही मराठी किंवा कोकणी बोललात, तर समोरून उत्तर यायची बरीच शक्यता असते.

आणि इथं ऐकणाऱ्यांतले काहीजण प्रवासी म्हणून नाही, नोकरीला म्हणून या बोटींकडं बघतायत हे मला माहितीय. नांदेड-लातूरला हॉटेल मॅनेजमेंट केलेली पोरं. तुमच्यासाठी एवढंच: बोटीवरच्या नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजन्सीला मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात, आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या वेबसाइटवर तपासता येते. नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणं नियमात बसत नाही. पासपोर्ट, मेडिकल, सुरक्षेचा कोर्स यांचा खर्च असतो, तो वेगळा. कुणी चहाच्या टपरीवर बसून दोन-तीन लाखांत क्रूझची ऑर्डर देतो म्हणाला, तर आधी परवान्याचा नंबर मागा. घरच्यांनी जमीन गहाण टाकायच्या आधी मागा.

लातूरच्या त्या श्रोत्याला आणखी काही बारीकसारीक. शाकाहारी जेवण मिळतं, पण बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं लागतं, कारण उश्वाया सोडल्यावर भाजी कुठून आणणार? इंटरनेट आता बहुतेक बोटींवर उपग्रहावरून चालतं, तरी रोज फोन येईलच असं धरून घरी बसू नका. कार्यक्रमपत्रिकेवर विश्वास ठेवू नका. उद्या कुठं उतरायचं हे कॅप्टन आणि मोहीमप्रमुख संध्याकाळी बर्फाचा नकाशा बघून ठरवतात आणि सकाळी वारा बघून पुन्हा बदलतात. पैसे भरलेत म्हणून कॅप्टनशी भांडणारे प्रवासी असतात. एक्सप्लोररची गोष्ट त्यांना जेवणाच्या टेबलावर सांगायला हरकत नाही.

पुढच्या भागात विजयदुर्गहून समुद्रात शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली दडलेलं प्रवाळाचं पठार, ‘आंग्रिया बँक’. तिला आंग्र्यांचं नाव कसं चिकटलं, आणि तिथं आज काय चाललंय. तोवर रामदासवर तुमच्या घरात कुणाकडं काही आठवण असेल, कोकणातले पाहुणे असतील, तर व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांची पुरे.